भाचीचा दुसरा फटका

पहिल्या फटक्याचं आईला फारसं काही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर पहिला फटका तिला समजला होता. कुणी कानशिलात भडकावली की हात उठतो, हातात लोखंड असेल तर लोखंड उठतं. चांगलं नाही, पण समजतं. डोक्यातून जात नव्हता तो दुसरा. पहिल्या फटक्यात समोरच्याचं हाड मोडलं, मोडल्याचा आवाज आला, तो गुडघ्यांवर आला, आणि तरीही मुलीने ती हातभर लांबीची टॉमी, चाकं खोलायची लोखंडी कांब, पुन्हा डोक्याच्या वर नेली. मध्ये किती वेळ गेला असेल? सकाळी भांडी विसळता विसळता आई मोजत होती. एक श्वास? दोन? तेवढ्यात माणूस थांबू शकतो. तिची मुलगी थांबली नव्हती.

मुलगी सत्तावीस वर्षांची. गॅरेजात तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. गॅरेज आईच्या थोरल्या भावाचं. त्याला सगळा रस्ता मामा म्हणायचा, म्हणून ही सगळ्यांची भाची. गिऱ्हाईकं भाची म्हणत, पार्टचा दुकानदार भाची म्हणे, पाण्याचा टँकरवालासुद्धा फाटकातून ओरडायचा, "भाची, पाइप धर!"

तिचा हात लहानपणापासूनच हलका नव्हता. चौथीत असताना वर्गातल्या एका मुलाने तिची कंपासपेटी पायाखाली चिरडली, तर हिने त्याच्या दंडाला असा चावा घेतला की डॉक्टरांना बोलवावं लागलं. आई स्वतः शिक्षिका. मुलीच्या शाळेत मुख्याध्यापकांसमोर मान खाली घालून बसताना तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं होतं. पंधराव्या वर्षी वडील गेले. तेराव्या दिवशी पाहुणे परतल्यावर मुलीने न्हाणीघराचं दार लाथेने फोडलं. दार दुरुस्त करायला मामा आला. त्याने फुटलेली फळी उलटसुलट करून पाहिली आणि मोठ्याने हसला.

"धाकटे, हे बघ. लाथ बरोबर बिजागरीशी मारलीय. उगाच मधोमध नाही. डोकं आहे पोरीला. शाळा संपली की माझ्याकडे पाठव."

आणि आईने पाठवलं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. भावाचा राग कसा आहे हे तिला ठाऊक होतं. तिच्या लहानपणी तोच राग वडिलांच्या हातात होता, मग भावाच्या हातात आला. पण घरातला माणूस आहे, मारलं तरी आपलाच, असं काहीतरी तिने तेव्हा मनाशी म्हटलं होतं. शिकलेल्या बाईने.

गॅरेज म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबलचक खोली. मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, वर आडव्या गर्डरला चेनपुली, भिंतीवर प्रत्येक पान्याची रंगाने काढलेली सावली. जागच्या जागी नसलेला पाना लांबूनच दिसावा म्हणून. पाने जागेवर क्वचितच असत, कारण मामा ते फेकायचा. भाची घरी येऊन सांगायची, "दहा नंबरचा आला तर मान वाकवायची, बावीसचा आला तर खड्ड्यात उडी मारायची." पहिलं वर्ष ती चुकवायला शिकली. दुसऱ्या वर्षी झेलायला. तिसऱ्या वर्षी तिने एक झेलून परत फेकला. मामाच्या कानाजवळून जाऊन तो पत्र्यावर आदळला, गॅरेज चिडीचूप झालं आणि मामा पोट धरून हसला. त्या दिवसापासून तिला वेल्डिंगचा होल्डर हातात मिळाला.

एकदा एका ट्रकवाल्याने खड्ड्यापाशी तिच्या कमरेला हात लावला. भाचीने त्याचा अंगठा व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरला, दांडा दीड वेढा फिरवला आणि विचारलं, "अजून?" ही गोष्ट आईने शिक्षकांच्या खोलीत स्वतः सांगितली होती. हसत, हातवारे करून, दोनदा.

आता टॅक्सीवाल्याची गाडी. गाडी जुनी, पेट्रोलची, पत्रा अजून धड, पण इंजिन धापा टाकायचं. अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं डिझेल इंजिन मिळालं. ते या गाडीत बसवायचं ठरलं. इंजिन बदलणं हे लोकांना वाटतं तसं उचल-ठेवीचं काम नाही. इंजिन गाडीत कशावर बसतं, यावर सगळं असतं. लोखंडाचा आधार चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, त्यावर रबराचा ठोकळा, त्यावर इंजिन. गॅरेजात त्याला फाउंडेशन म्हणतात. परक्या इंजिनाला जुनं फाउंडेशन चालत नाही, नवं जमवावं लागतं.

इथेच मामा-भाचीची जुंपली.

"रबर-बिबर कशाला?" मामा म्हणाला. "पट्टी काप, सरळ चासीला जोड. लोखंडाला लोखंड. इंजिन जागचं हलता कामा नये."

"डिझेल आहे मामा. ते हलणारच. त्याला हलू दिलं नाही तर ते चासीला हलवेल. सहा महिन्यांत बीमला चीर."

"तीस वर्षांत एक चीर नाही पडली."

"पडल्या. तू त्यावर पट्टी मारून गाड्या परत पाठवल्यास."

पाना आला. चौदाचा होता. भाचीने झेलला, पुसला आणि भिंतीवरच्या सावलीत टांगला.

टॅक्सीवाला स्टुलावर बसून ऐकत होता. पन्नाशीचा, मऊ बोलणारा माणूस. तो म्हणाला, "तुमचं काय ते तुम्ही ठरवा. पण मागच्या सीटवर रोज एक आजोबा बसतात. त्यांची कवळी आहे. ती तोंडात राहिली पाहिजे, एवढं बघा."

भाची रबर निवडायला लागली तेव्हा मात्र तिच्यातला सगळा दांडगटपणा कुठे जायचा कोण जाणे. पेट्रोल इंजिनाची जुनी रबरं पावासारखी मऊ; नव्या वजनाखाली इतकी बसली असती की ऑइलपॅन खालच्या बीमला टेकलं असतं. व्हॅनची स्वतःची रबरं योग्य होती, पण उजवं तेल पिऊन फुगलेलं. म्हणून त्याच मापाची नवी जोडी आणली. दोन्ही ठोकळे एकेक करून व्हाइसमध्ये धरले, दोन वेढे दाबले, किती दबले ते पट्टीने मोजलं. एक जास्त दबलं. परत केलं. दुसऱ्या जोडीत एक कडक निघालं. तेही परत. तिसऱ्या खेपेला दुकानदार वैतागला.

"भाची, रबर बघतेस की लग्नाला मुलगा?"

"मुलगा इतका दाबून बघता येत नाही काका."

मग पुठ्ठ्याचे नमुने कापले, त्यावरून जाड पट्टीचे दोन आधार तयार केले. इंजिन चेनपुलीला टांगून वीतवीत खाली घेतलं. पंखा आणि रेडिएटर यांच्यात दोन बोटांची फट, खाली बीमपासून अंतर, मागे शाफ्टची रेष सरळ. सगळं जुळल्यावर आधार चासीला चार-चार ठिकाणी टाके मारून धरले. टाका म्हणजे कच्ची शिवण. इंजिन त्यावर बसतं, पण चालवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी इंजिन पुन्हा वर उचलायचं आणि आधार सगळीकडून पक्का वेल्ड करायचा.

संध्याकाळी निघताना तिने स्टेअरिंगला आपलं फडकं बांधलं. हा गॅरेजचा नियम. ज्याचं काम अर्धवट, त्याचं फडकं स्टेअरिंगला. ते बांधलेलं असेल तर चावीला हात लावायचा नाही, आणि बांधणाऱ्याशिवाय कुणी ते सोडायचं नाही. नियम मामानेच घातलेला. भाचीचं फडकं वडिलांच्या निळ्या चौकड्याच्या शर्टाचं होतं, म्हणून ते कुणाच्याही फडक्यात वेगळं कळायचं.

पुढचं आईने मुलीच्याच तोंडून ऐकलं, काल दुपारी, स्वयंपाकघरातल्या नळाखाली तिच्या दंडावरचं रक्त धुताना. सांगताना मुलीचा आवाज चढला नाही, उतरला नाही.

सकाळी वेल्डिंगच्या कांड्या संपल्या म्हणून ती दुकानात गेली. परत आली तर बोनेटपाशी मामा उभा, आत सीटवर टॅक्सीवाला. मामाने बॅटरी आणि डिझेलची नळी जोडून टाकली होती. नवं इंजिन कसं गुरगुरतं ते गिऱ्हाइकाला ऐकवायचं होतं. "मार स्टार्टर," त्याने सांगितलं. टॅक्सीवाल्याने मारला. "दे रेस!" त्याने रेस दिली.

भाची फाटकातूनच ओरडली. पण डिझेलच्या आवाजात कोण ऐकतंय? इंजिनाने एक झटका घेतला आणि डावीकडचे टाके एकामागोमाग एक तटतट तुटले. इंजिन कुशीवर वळलं, पंखा रेडिएटरमध्ये घुसला. पत्रा फाटल्याचा आवाज, पाण्याचा फवारा, आणि पंख्याचं एक पातं मोडून सुटलं ते भाचीचा दंड चिरत मागच्या पत्र्यात जाऊन रुतलं. वीतभर उजवीकडे असतं तर गळ्यात बसलं असतं. टॅक्सीवाल्याने चावी बंद केली.

मामा तिच्याकडे वळला. भीती वाटली की त्याला रागच येतो, दुसरं काही येत नाही. "टाक्यांवर इंजिन सोडून गावभर हिंडतेस?" म्हणाला, आणि फाडकन कानशिलात ठेवून दिली. तिचं डोकं दारावर आदळलं.

"फडकं बांधलं होतं," ती म्हणाली.

"कुठलं फडकं?"

ते त्याच्या गळ्यात होतं. निळ्या चौकड्यांचं. सकाळी घाम पुसायला हाताशी लागलं, त्याने सोडून घेतलं. तीस वर्षं फडकं दिसलं की हात पुसायची सवय. नियम स्वतःच घातलाय हे त्या क्षणी त्याच्या डोक्यातही नसेल. ती बोट दाखवत होती, आणि त्याने दुसरी थप्पड मारली.

मग टॉमी.

"पहिला हातावर बसला," मुलगी नळाखाली दंड धरून म्हणाली. "कोपराच्या खाली. वाजलं."

"आणि?"

"दुसरा डोक्यावर होता."

"होता म्हणजे?"

"टॅक्सीवाले काका मध्ये आले. त्यांच्या खांद्यावर बसला. गळ्यापाशी असतं ना, ते हाड गेलं." तिने नळ बंद केला. "आई, पट्टी घट्ट बांध. सैल नको."

आईने घट्ट बांधली.

सकाळची भांडी तशीच राहिली; दुपारी भेटीच्या वेळेला ती दवाखान्यात गेली. मामाचा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. दोन्ही हाडं मोडलेली. दोन खाटा सोडून टॅक्सीवाला औषधाच्या गुंगीत झोपलेला. खांदा बांधलेला, मान एका बाजूला, तोंड थोडं उघडं. त्याची बायको स्टुलावर बसून त्याच्या पायांवर हात फिरवत होती. आईला पाहून ती ओळखीचं हसली. तिला काहीच माहीत नव्हतं. आईला परत हसता आलं नाही.

"ये धाकटे, ये," मामा म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे चमकत होते. "बघितलंस? काय हात बसतो पोरीचा! अगदी आपल्या बाबांचा. तीस वर्षांत एकानेही माझ्यावर हात उचलला नव्हता."

"दादा, तिने तुला मारून टाकलं असतं."

"असतं!" तो खूश होऊन म्हणाला. "म्हणून तर म्हणतो. आता गॅरेज तिचं. किल्ल्या देऊन टाकल्या. माझा हात काही आता पूर्वीसारखा चालायचा नाही, डॉक्टर म्हणाला. चालवायला मनगटात असं पाणी लागतं."

"दवाखान्यात काय सांगितलंस?"

मामाने आवाज खाली आणला. "पाच वाजता पोलीस येणार आहे, लिहून घ्यायला. सोपं आहे. टॅक्सीवाल्याने कुणाला न विचारता स्टार्टर मारला. टाके तुटले, इंजिन उसळलं, टॉमी इंजिनावर ठेवली होती ती उडाली. मला लागलं, त्याला लागलं, पोरीला लागलं. विषय संपला."

"त्याने मारला? तू सांगितल्यावर ना?"

"मारला तर त्यानेच ना?"

"आणि तो असं म्हणेल?"

"म्हणेल. कबूल झालाय. भला माणूस आहे. मी म्हटलं, तुझी चूक मान्य कर, पोरीचं आयुष्य वाचेल. तो म्हणाला, पोरीसाठी करतो." मामाने उशीवर डोकं टेकलं. "टॅक्सीचा परवाना थोडे दिवस अडकेल, त्याचं काय. नाहीतरी खांदा जुळेपर्यंत तो चालवणार कुठे?"

आई उठली. जाताना टॅक्सीवाल्याच्या खाटेपाशी थांबली. त्या खांद्याने तिच्या मुलीला तुरुंगापासून वाचवलं होतं, भावाला मरणापासून. आता त्याच माणसाच्या खोट्या जबाबाने उरलेलंही वाचवून घ्यायचं होतं. बायकोने हळूच विचारलं, "तुमच्या मुलीला फार लागलं का हो?" आई "नाही" म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

गॅरेजचं शटर अर्धं उघडं होतं. भाची गाडीच्या पुढच्या पोकळीत वाकून ग्राइंडरने तुटलेले टाके घासत होती. ठिणग्या तिच्या पट्टी बांधलेल्या दंडावर पडत होत्या, ती हात मागे घेत नव्हती. इंजिन वर साखळीला टांगलेलं. किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला. आणि बाकावर आईला दिसल्या दोन नव्या, जाड, सरळ लोखंडी पट्ट्या. तीन खेपा घालून जुळवलेले रबरी ठोकळे खाली भंगाराच्या डब्यात पडले होते.

आईला इंजिनातलं फार कळत नव्हतं, पण एवढं कळलं.

"रबर नाही घालत?"

ग्राइंडर थांबला. "नाही. मामाचं बरोबर होतं. जागचं हललं नाही तर तुटतही नाही."

"परवा तर तू म्हणत होतीस चीर पडेल."

"पडली तर पट्टी मारू."

"पाच वाजता पोलीस येणार आहे."

"माहीत आहे."

"तो माणूस तुझ्यासाठी खोटं बोलणार आहे. त्याची गाडी गेली, खांदा गेला, आता परवाना जाईल. तुला चालतंय?"

"मी त्यांना सांगितलं नव्हतं मध्ये यायला."

तिने मुलीकडे पाहिलं. चावा घेऊन आलेली चौथीतली मुलगी तरी रडली होती. कंपासपेटीसाठी का होईना, पण ढसाढसा.

"दुसऱ्यांदा का उचललीस?" आईने विचारलं. "एवढंच सांग मला. पहिल्याचं नको. तो खाली बसला होता. हात लोंबत होता त्याचा. का उचललीस?"

भाचीने ग्राइंडर बाकावर ठेवला. मग म्हणाली, "बरं वाटलं म्हणून."

"काय?"

"पहिल्याने बरं वाटलं. म्हणून. आठ वर्षं मी पाने झेलतेय आई. तू घरी हसायचीस. मी सांगायचे आणि तू हसायचीस. आता का विचारतेस?"

खरं होतं. हसली होती. तिला वाटायचं, हसलं की ते मोठं होत नाही.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी पाठवलं, मी हसले. दोन्ही चुकलं. पण हे मी चालू देणार नाही. पोलिसांना खरं सांगितलं गेलं पाहिजे. तुझ्याकडून, नाहीतर माझ्याकडून."

"तू मध्ये पडू नकोस."

"मध्ये पडले."

"आई, जा इथून!"

आई हलली नाही. भाचीने बाकावरचा पाना उचलला आणि फेकला. तो आईच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि शटरवर असा आदळला की सगळा पत्रा थरथरला. आईने मान वाकवली नाही. ती वाकवायची असते हे तिला शिकवलं नव्हतं कुणी. कानात नुसता घणघणाट, त्यात मुलीचं तोंड हलताना दिसलं. बहुतेक "आई" म्हणाली. तिचा रिकामा हात हवेत तसाच राहिला होता आणि ती त्या हाताकडे पाहत होती.

"लागलं?" तिने विचारलं. आवाज लहान झाला होता.

"नाही."

"तुला मारायचा नव्हता."

"माहीत आहे. तुझ्या मामालाही कधीच कुणाला मारायचा नसायचा."

भाची खड्ड्याच्या काठावर बसली, पाय आत सोडून. दंडावरची पट्टी लाल होऊ लागली होती. आई तिच्यापाशी गेली, पट्टी सोडली, पुन्हा बांधली, या वेळी रक्त फिरेल एवढी सैल. मुलीने विरोध केला नाही.

"काय होईल मला?" शेवटी तिने विचारलं.

"ठाऊक नाही," आई म्हणाली. "वकील बघू. मी प्रत्येक ठिकाणी तुझ्यासोबत येईन. पण काय होईल ते ठाऊक नाही."

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. टॅक्सीच्या दारावर पिवळ्या रंगात मोठ्या आकड्यांत टॅक्सीवाल्याचा फोन नंबर लिहिलेला होता, रेडिएटरच्या पाण्याने त्यावर चिखलाचे ओघळ आलेले. आईने पदराने तो पुसला. फोन काढला. त्याची बायको उचलेल, कदाचित तो स्वतः. काय बोलायचं ते तिने जुळवलं नव्हतं. एवढंच सांगायचं होतं की सही करू नका, मी येतेय, जे झालं ते मी सांगते. मागे भाची उठून उभी राहिल्याची चाहूल लागली. ती थांबवायला आली की नुसती जवळ यायला, हे बघायला आई वळली नाही. तिने दारावरचा पहिला आकडा दाबला.